सात सेकंदांचा कायदा

गेल्या आषाढात पुण्यात एका स्नेह्यांच्या घरी बैठक झाली. गाणे संपले, चहा आला, आणि कोणीतरी मला विचारले, हल्ली काय ऐकता? मी खरे ते सांगितले: ड्रम अँड बेस. आग्रह झाला तेव्हा मँचेस्टरच्या पिरी आणि टॉमी या तरुण जोडीचे 2021 सालचे ‘सॉफ्ट स्पॉट’ मी फोनवर लावले. समोर एक ज्येष्ठ गृहस्थ बसले होते. सवाई गंधर्व महोत्सव तीसेक वर्षे न चुकवणारे, गाण्याइतकीच तबल्याची साथही कान देऊन ऐकणारे. त्यांनी डोळे मिटून गाणे शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, ‘‘ठेका ऐकला. वादन कुठे आहे?’’

त्या संध्याकाळी मला याचे नीट उत्तर देता आले नाही. आता देतो. त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचे मत खोडून काढणे मला आवश्यक वाटते. जाणत्याचे चुकीचे मत अडाण्याच्या मतापेक्षा फार दूर पोचते. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. या संगीताविषयी जाणकारांत रुजलेले मत असे: हा सगळा डोलारा 1969 साली एका अमेरिकन ड्रमवादकाने वाजवलेल्या सात सेकंदांच्या तुकड्यावर उभा आहे. तीस-पस्तीस वर्षे तोच तुकडा कापून, पळवून, पुन्हा जोडून विकला जातो. कापाकापी यंत्र करते, तेव्हा रियाजाचा प्रश्नच येत नाही. ज्याने तो वाजवला त्याला कवडी मिळाली नाही, म्हणजे पायाच चोरीचा. आणि समजा, 1990 च्या दशकात लंडनमध्ये यात काही धाडस होते, तरी आजच्या ज्या जोड्या झोपायच्या खोलीत लॅपटॉप मांडून दर महिन्याला नवे गाणे बाजारात आणतात, त्या जुन्या छापाच्या नव्या प्रती काढत आहेत. लय ठरलेली, मिनिटाला 174 ठोके. आराखडा ठरलेला. मग नवे ते काय?

हे आक्षेप पोकळ नाहीत. एकात तर पुरेपूर सत्य आहे, आणि तिथे मी हात जोडणार आहे. कोणत्याही आठवड्यात या प्रकारात जे नवे येते त्यातले बहुतेक सुमार असते, हेही मान्य. पण सुमार ख्याल गाणारे आहेत म्हणून ख्याल सुमार ठरतो का?

आता साक्षीचा प्रश्न. त्या संध्याकाळी काय ऐकले गेले? चूक माझी होती. मी ते संगीत फोनवर लावले. या प्रकाराच्या नावातच दोन घटक आहेत, ड्रम आणि बेस. त्यातला बेस साधारण 40 ते 60 हर्ट्झच्या पट्टीत चालतो. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी दिवाणखान्याएवढी. फोनचा नखाएवढा स्पीकर ती लहर हवेत सोडूच शकत नाही. तिथे बेस कमी ऐकू येतो असे म्हणणेही बरोबर नाही, कारण तो जवळजवळ येतच नाही. म्हणजे खोलीतल्या सर्वांनी निम्मेच संगीत ऐकले, आणि निकाल पूर्ण संगीताविषयी दिला.

जे ऐकू आले नाही तिथेच या संगीताचा जीव आहे. वरचे ड्रम मिनिटाला 170-175 च्या लयीत धावतात, पण खालचा बेस बहुधा त्याच्या निम्म्या लयीत, 87 च्या आसपास, सावकाश पावले टाकतो. आपल्या भाषेत सांगायचे तर खाली ठाय आणि वर दुगुन, चौगुन, एकाच वेळी. मंडपात नाचणारा माणूस यांतली हवी ती लय धरू शकतो. थकला तर बेसवर डुलतो, अंगात आले तर ड्रमवर उडतो, आणि दोन्ही वेळा तो लयीतच असतो. पुण्याच्या माणसाला हे वेगळे समजवायला हवे का? लक्ष्मी रोडवर पथक उभे असते तेव्हा ताशा कडकडत पुढे पळतो आणि ढोलाचा ठोका पोटात भारदस्तपणे पडत राहतो. दोहोंतला कोणता खरा, असे आपण विचारत नाही. लंडनमध्ये ही रचना पोचली ती जमैकाहून. तिथून आलेल्या लोकांनी आपली साउंड सिस्टिम, म्हणजे रस्त्यावर रचलेल्या भल्यामोठ्या स्पीकरांची भिंत, बरोबर आणली, आणि त्या भिंतीतून घुमणारा डब संगीताचा संथ बेस त्यांच्या मुलांनी अमेरिकन ड्रमच्या खाली घातला. दोन स्थलांतरे, दोन लयी. ज्याने फक्त वरची ऐकली, त्याला ‘नुसती धावाधाव’ वाटणारच. ती त्याच्या कानाची चूक नव्हती. ती माझ्या फोनची होती.

आता मुख्य आरोपाकडे. सात सेकंद.

द विन्स्टन्स हा वॉशिंग्टनचा सोल वाद्यवृंद. त्यांच्या ‘कलर हिम फादर’ या तबकडीच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचा तुकडा होता. त्यात मध्येच बाकी सगळी वाद्ये थांबतात आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन चार आवर्तने एकटा वाजवतो. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे, लय मिनिटाला साधारण 136. सगळे मिळून सात सेकंद. जग याला ‘आमेन ब्रेक’ म्हणते. मी ‘कोलमनचा ठेका’ म्हणेन. कारण पुढे येईल.

माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या एका मुलाबरोबर मी एक प्रयोग केला. तो तुकडा संगणकावर निम्म्या गतीने लावला, सातचे चौदा सेकंद झाले, आणि त्याला सांगितले की प्रत्येक ठोक्याला बोल दे आणि पढंत कर. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला त्याने ‘धा’ ठरवला, स्नेअरच्या करकरीत ठोक्याला ‘ता’, आणि स्नेअरवरच अगदी हलके, कुजबुजल्यासारखे जे ठोके पडतात त्यांना ‘क’ आणि ‘त’. पहिले आवर्तन जमले. दुसरे त्याचेच पुनरावर्तन, तेही जमले. तिसऱ्यात तो अडला. शेवटचा ‘ता’ जिथे यायला हवा तिथे आलाच नाही, अर्धी मात्रा उशिरा आला. सावरून तो चौथ्यात शिरला आणि जोरात ‘धा’ म्हणाला, तर तिथे काहीच नव्हते. चौथ्या आवर्तनाची पहिली मात्रा कोलमनने मोकळी सोडली आहे. त्यानंतर आडवेतिडवे दोन-चार ठोके, आणि झांजेचा मोठा आघात, तोही अपेक्षेच्या आधीच. मुलाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘सर, सम कुठे गेली?’’

सम काटेकोर अर्थाने या संगीतात नाही, खालीही नाही. ती तुलना ताणू नये हे मला कळते. पण मुलाचा प्रश्न अचूक होता. ज्याला ‘एक ठेका’ म्हणून बाजूला सारले जाते, त्यात ठेका फक्त पहिली दोन आवर्तने आहे. तिसऱ्यात शंका येते, चौथ्यात घर मोडते. सात सेकंदांत प्रस्थापना, विलंब आणि विसर्जन.

म्हणूनच तो तुकडा कापण्याजोगा ठरला. ‘जंगल’ नावाचा आधीचा प्रकार आणि पुढे ड्रम अँड बेस वाजवणाऱ्यांनी त्याचे सुटे ठोके केले. धा वेगळा, ता वेगळा, कुजबुजणारे ठोके वेगळे, झांज वेगळी. आणि मग त्यांतून नवी वाक्ये रचली. इथे मी तबला जाणणाऱ्या वाचकाला थांबवून विचारतो: हे ओळखीचे वाटते का? कायदा म्हणजे काय? एक बंदिश घ्यायची. तिच्यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, बाहेरचा एकही बोल आणायचा नाही, आणि क्रम बदलून, पुनरुक्ती करून, विराम सरकवून पलटे रचत जायचे. दिल्ली घराण्यातला ‘धाधा तिट’ घेऊन शतकभराहून अधिक काळ तबलजी बसले आहेत. अहमदजान थिरकवा खाँसाहेबांनी आयुष्यभर जे कायदे वाजवले ते काही दर मैफलीला नवे नव्हते. कोणी त्यांना म्हणाले का की खाँसाहेब, हे तेच ते बोल आहेत? म्हणाले नाही, कारण श्रोत्याला ठाऊक होते की कसोटी बोलांच्या नवेपणाची नाही, पलट्याच्या नवेपणाची आहे. बोल बांधलेले असतात म्हणून तर पलटा दिसतो.

मग हाच न्याय लंडनच्या मुलांना का नाही?

यावर सूक्ष्म आक्षेप असा येईल: कायद्यात बोल हाताने पुन्हा निर्माण होतो, प्रत्येक ‘धा’ नवा असतो. सॅम्पलरमधला, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रातला, ‘धा’ मात्र 1969 चाच, गोठलेला. मुद्दा खरा आहे, आणि फरक मोठा आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? एवढाच, की इथे कारागिराला बोलाच्या निकासावर नाही, बोलाच्या मांडणीवर, रंगावर आणि जागेवर काम करावे लागते. काम कमी होत नाही, बदलते. रूपर्ट पार्क्स, म्हणजे फोटेक, याच्या 1997 सालच्या ‘नी तेन इची र्यू’मध्ये ड्रमचा एकेक ठोका जणू तलवारबाजाच्या पावलासारखा स्वतंत्रपणे ठेवलेला आहे. दोन ठोक्यांमधली शांतता इतकी मोजलेली की ती वाजते. ते ऐकूनही जो ‘लूप फिरतोय’ म्हणेल, त्याने लूप म्हणजे काय ते पुन्हा तपासावे.

यंत्राचा आरोप इथे आपोआप पुढे येतो. यंत्र कापते, माणूस बसून राहतो. वस्तुस्थिती तपासू. 1988 साली आलेल्या अकाई एस-1000 या सॅम्पलरची मूळ स्मृती 2 मेगाबाइट होती. आजच्या फोनवरचे एक छायाचित्रही बहुधा त्यात मावणार नाही. त्या यंत्राच्या पूर्ण दर्जाने, एकेरी वाहिनीत, त्यात जेमतेम चोवीस सेकंदांचा ध्वनी बसे. त्यात ड्रम, बेस, एखादा स्वर, माणसाचा आवाज, सगळे कोंबायचे. शिवाय एक कोडे होते. कोलमनचा ठेका 136 च्या लयीतून 174 ला न्यायचा तर तबकडी पळवल्यासारखी गती वाढवावी लागते, आणि गतीबरोबर पट्टी चढते. हिशेब केला तर ती सुमारे चार स्वरस्थाने, म्हणजे ‘सा’वरून शुद्ध ‘ग’पर्यंत चढते. भारदस्त ड्रम टिनाच्या डब्यासारखा वाजू लागतो. पट्टी आणि लय यांची गाठ कशी सोडवायची? ‘टाइम-स्ट्रेच’ नावाची सोय त्या यंत्रांत होती, पण ती वापरली की आवाजाला धातूसारखी खरखर येई. या मुलांनी ती खरखरच रंग म्हणून वापरली. गोल्डीच्या 1992 सालच्या ‘टर्मिनेटर’मध्ये ड्रमची पट्टी डोळ्यांदेखत वर वर चढत जाते आणि लय तसूभर हलत नाही. हाताने वाजणाऱ्या ड्रमसेटला हे शक्य नव्हते. ही नवी गोष्ट होती. यंत्राला ती आपणहून सुचली का?

इथे एका जोडीचे नाव आदराने घेतले पाहिजे. वायव्य लंडनमधल्या डॉलिस हिलचे 4हिरो. सुरुवातीला चौघे होते, पुढे डेगो आणि मार्क मॅक हे दोघेच राहिले. रीइन्फोर्स्ड ही त्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी, आणि गोल्डीही त्यांच्याच वर्तुळात घडला. 1990 साली ‘मिस्टर कर्क्स नाइटमेअर’सारखा दचकवणारा, खडबडीत ट्रॅक करणारी ही माणसे. 1994 साली त्यांनी ‘पॅरलल युनिव्हर्स’ आणला आणि 1998 साली ‘टू पेजेस’, ज्यात तंतुवाद्यांचा ताफा आणि ड्रम अँड बेसची घडण एकाच संचात नांदते. ‘टू पेजेस’ ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. आठ वर्षांत एवढे अंतर चालून जाण्याला रियाज म्हणत नाहीत तर काय म्हणतात? रियाजाला तबला-पेटीच हवी, असे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे?

उलट दिशेचा पुरावा तर अधिक निर्णायक आहे. ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्राझेंट या समूहाने 1997 साली ‘न्यू फॉर्म्स’साठी मर्क्युरी पुरस्कार जिंकला. त्या वर्षी यादीत रेडिओहेडचा ‘ओके कम्प्युटर’ होता, हे लक्षात घ्या. रंगमंचावर या समूहाबरोबर क्लाइव्ह डीमर नावाचा ड्रमवादक बसे आणि यंत्रात रचलेले ते तुटक, वेगवान ठेके हाताने वाजवी. स्विस ड्रमवादक योयो मायर यानेही हाच वसा घेतला. सॅम्पलरमध्ये कापलेले ठोके त्याने आपल्या मनगटांना शिकवले. म्हणजे माणसाच्या हातातून यंत्रात गेलेली गोष्ट यंत्राने बदलून परत दिली, आणि हातांनी ती पुन्हा रियाज करून आत्मसात केली. जे ‘वादन नाही’ ते वाजवायला जगातले उत्तम वादक वर्षानुवर्षे का बसतील?

चोरीविषयी. इथे मी हात जोडतो.

ग्रेगरी कोलमनला त्या सात सेकंदांबद्दल काही मिळाले नाही. 2006 साली तो अटलांटात बेघर अवस्थेत वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे हक्क होते. पण आपला तुकडा जगभर वापरला जातो हे त्याला 1996 साली कळले, आणि तोवर दाव्याची मुदत उलटली होती. 2015 साली ब्रिटनमधल्या एका डीजेने वर्गणी गोळा करून त्याला 24,000 पौंड पाठवले. हजारो गाण्यांच्या हिशेबात ती रक्कम किती, हे वाचकच ठरवोत. ही कृतघ्नता आहे, आणि ती लपवण्याचा मला अधिकार नाही. आपल्याकडे कायदा वाजवणारा कानाला हात लावून उस्तादाचे नाव तरी घेतो. इथे ठेक्याला गाण्याचे नाव मिळाले, वाजवणाऱ्याचे नाही. म्हणून मी ‘कोलमनचा ठेका’ म्हणतो, आणि इतरांनीही म्हणावे असा माझा आग्रह आहे.

पण या दोषाचा खटला कोणावर चालवायचा? हिशेबावर, कायद्यावर, रेकॉर्ड कंपन्यांवर. त्या रचनेच्या कलागुणांवर नाही. वीटभट्टीवरच्या मजुराला मजुरी मिळाली नाही म्हणून वास्तूची कमान वाकडी ठरत नाही. मजुरी मागा, जरूर मागा. कमानीचे मोजमाप वेगळ्या पट्टीने करा.

आता शेवटचा आणि सध्या सर्वात लाडका आक्षेप: जे होते ते 1990 च्या दशकात, आजच्या जोड्या नुसती नक्कल करतात. गंमत अशी की हा आक्षेप संगीत न आवडणाऱ्यांइतकाच या संगीताचे जुने भक्तही घेतात. ज्यांनी लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमध्ये ब्लू नोट क्लबात रविवारी गोल्डीच्या मेटलहेड्झची रात्र अनुभवली, त्यांना आजचे सगळे फिके वाटते. त्यांच्या आठवणींचा मला हेवा वाटतो. पण त्याच इमारतीत सोमवारी तल्विन सिंगची ‘अनोखा’ रात्र भरे. तिथे तबला आणि ड्रम अँड बेस एका मंचावर येत, आणि 1999 साली तल्विनच्या ‘ओके’ला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. म्हणजे एकाच घरात, एका रात्रीच्या अंतराने, प्रकार बदलत होता. जो प्रकार रविवारी आणि सोमवारी एकसारखा नव्हता, त्याचे ‘मूळ शुद्ध रूप’ कोणते धरायचे?

राहिला नव्या जोड्यांचा प्रश्न, आणि ते ‘सॉफ्ट स्पॉट’. घरी आल्यावर मी ते चांगल्या स्पीकरवर पुन्हा लावले आणि फक्त आवाजाकडे लक्ष दिले. या प्रकारात आधी माणसाचा आवाज बहुधा दोन रूपांत येई. एक, एमसीची ललकारी, ड्रमच्या वर चढून ओरडणारी. दुसरे, मोठे, उंच, आर्त गायन. गोल्डीच्या ‘इनर सिटी लाइफ’मध्ये डायन शार्लमेन गाते तसे. दोन्ही आवाज ड्रमशी झुंजतात. पिरीचा आवाज झुंजत नाही. ती जवळ येऊन, जवळजवळ कानाशी, अर्ध्या श्वासात गाते, आणि तरी त्या धावत्या ठोक्यांखाली शब्द दबत नाहीत. हे कसे साधले? कारण ठोक्यांचा कडकडाट वरच्या पट्ट्यांत आहे, बेस तळाशी आहे, आणि मधला सगळा मजला मोकळा आहे. तिथे तिचा आवाज राहायला येतो. धावत्या लोकलच्या दारात उभे राहून एखाद्याने शेजारच्याला हळूच काही सांगावे आणि त्याला ते स्पष्ट ऐकू यावे, तसे हे गाणे आहे. प्रेमाची लाजरी कबुली एवढ्या लयीत देता येते, हे 1994 च्या जंगलमध्ये कोणी दाखवून दिले होते? पुढच्याच वर्षी या दोघांनी ‘फ्रोज डॉट एमपीथ्री’ हा मिक्सटेप आणला, आणि ड्रम अँड बेसची तीच घाई तिथेही घरगुती बोलण्याइतकी सहज होते.

आणखी दोन नावे, जरी ती जोड्यांची नाहीत. पिंकपँथरेसने 2021 साली ‘ब्रेक इट ऑफ’मध्ये अ‍ॅडम एफच्या 1995 सालच्या ‘सर्कल्स’वर स्वतःचे गाणे रचले, दोन मिनिटांच्याही आत संपणारे. नक्कल म्हणायची तर इथे पुरावा हातात आहे. पण मूळ ट्रॅक रात्रीच्या लांब वाटेसारखा उलगडतो आणि हिचे गाणे न पाठवलेल्या निरोपासारखे मध्येच थांबते. तोच माल, अर्थ उलटा. निया आर्काइव्ह्जने ब्रिटनमधल्या मोबो संगीत पुरस्कारांच्या आयोजकांना उघड पत्र लिहून विचारले की या संगीताला तुमच्याकडे जागा का नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताचा विभाग पुन्हा सुरू झाला आणि 2022 साली तो पुरस्कार तिलाच मिळाला. 2024 सालच्या तिच्या ‘सायलेन्स इज लाउड’मध्ये जंगलचे ठोके आणि गिटारी ब्रिटिश गीतांची चाल एकत्र येतात. छापखान्यातल्या प्रती अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या निघतात का?

‘जोडी’ या गोष्टीचाही काहींना राग असतो, दोघांनी मिळून एक ठोका मांडायचा यात काय मोठे, असा. शंकर-जयकिशन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालपासून अजय-अतुलपर्यंतची गाणी गुणगुणणाऱ्या समाजाने हा प्रश्न विचारू नये. एकाने सुचवायचे आणि दुसऱ्याने नाकारायचे, हीच जोडीची खरी कमाई. एकट्या माणसाला स्वतःचा मोह आवरत नाही. एड रश आणि ऑप्टिकल यांच्या 1998 सालच्या ‘वर्महोल’चा थंड, गाळीव कडकपणा दोन कानांच्या संमतीतून आला आहे, असे मला नेहमी वाटते.

आणि ठरलेला आराखडा? सुरुवातीला सोळा किंवा बत्तीस आवर्तने नुसतेच ड्रम, मग चढण, मग बेसचा कोसळता प्रवेश, शेवटी पुन्हा नुसते ड्रम. यालाच आळस म्हणतात. प्रत्यक्षात ती सोय आहे. हा ट्रॅक सुटा ऐकण्यासाठी केलेला नसतो. डीजे एक ट्रॅक संपत असताना त्याच्या मोकळ्या ड्रमवर दुसऱ्याचे मोकळे ड्रम बसवतो, आणि दोघांची लय मात्रेमात्रेने जुळवतो. ती बत्तीस आवर्तने म्हणजे दोन डब्यांमधली जोडणी आहे. फलाटावर एकटा डबा उभा करून ‘याची टोके अशी बोडकी का?’ असे विचारणारा गाडी चालताना पाहायलाच आलेला नाही.

इथेच त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सुटा ट्रॅक म्हणजे बंदिश, आणि डीजेचा दीड-दोन तासांचा सलग पट म्हणजे मैफल. विस्तार तिथे होतो. त्या संध्याकाळी मी त्यांना तीन मिनिटांची बंदिश ऐकवली, तीही खर्जाशिवाय, आणि त्यांनी मैफल कुठे आहे असे विचारले. त्यांचे विचारणे बरोबरच होते.

गेल्या रविवारी मी त्यांना फोन केला. एका मित्राकडे मोठे स्पीकर आहेत, मजल्याला हादरे देणारे. तिथे येतो म्हणाले. कोलमनचा ठेका आधी निम्म्या गतीने लावणार आहे, मग मूळ गतीने, मग फोटेक, मग 4हिरो, आणि शेवटी पुन्हा ‘सॉफ्ट स्पॉट’. चौथ्या आवर्तनाशी मी त्यांच्या हाताकडे पाहीन. तीस वर्षे साथ ऐकलेला तो हात मांडीवर टाळी द्यायला उचलला जाईल आणि मोकळ्या मात्रेवर हवेतच थांबेल, याची मला खात्री आहे.